एक जूनच्या आत

आमच्या घरात पैसे वाचवण्याचं खातं संजयकडे आहे. संजय म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना एवढी आदब पाळायची माझी तयारी नाही. तो पाटबंधारे खात्यात कारकून आहे आणि चौसाळ्याच्या बाजारात तो लांबून येताना दिसला की भाजीवाल्या एकमेकींना खुणावतात. गॅसची शेगडी घ्यायला त्याने तीन महिने घालवले, आणि घेतल्यावर तीच शेगडी दोनशेने उतरली म्हणून आठवडाभर धड जेवला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पगार मलाही आहे, पण खर्चाची गोष्ट निघाली की आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसणारं एक वाक्य आहे. ते म्हणजे, "थांब जरा."

अशा माणसाने परदेशी जायचं ठरवलं ते आत्याबाईंमुळे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. गेल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू होतं. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापलीकडे श्रीलंकेला नेली, ती अनुराधपूरला लावली आणि ते झाड अजून उभं आहे, असं त्या दिवशी वाचण्यात आलं. आत्याबाई घरी आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "बोधगयेचं झाड बघितलंय म्या. आता त्या पोरीनं नेलेलं झाड बघायचंय."

त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. संजयलाही आठवत नसावं, कारण तो "थांब जरा" म्हणाला नाही. म्हणाला, "बघतो."

मग तो बघायला लागला. सहलवाल्या कंपन्या नावाचे पैसे घेतात म्हणून त्या बाद. विमानाची तिकिटं त्याने रोज बघितली, सकाळी आणि संध्याकाळी, जसे बाकीचे लोक कापसाचा भाव बघतात. आम्ही पाच जण: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सहावीतली आमची यशोधरा. पाच जणांना तिकडे फिरायला गाडी लागणार. ड्रायव्हरसकट गाडी घेतली तर त्याचं जेवण, त्याचं राहणं, वर त्याची बक्षिसी. एका रात्री जेवताना संजयने जाहीर केलं, "तिथं नुसती गाडी भाड्यानं मिळती. आपली आपण चालवायची. निम्म्यात काम होतंय."

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी."

यशोधराने ताटात बघितलं. संजयकडे लायसन आहे, नाही असं नाही. तीन वर्षांपूर्वी बीडला वीस दिवसांच्या क्लासला जाऊन त्याने ते काढलं होतं. त्यानंतर त्याने जे काही चालवलं ते दोन चाकांचं.

मामा, म्हणजे माझे सासरे माणिकराव, वरणात भाकरी चुरत होते. मामा एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली आणि दोन हजार अठराला रिटायर झाले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रस्ता कुठल्या अंगाचा हाय तिकडं?"

"आपल्यासारखाच, दादा. डाव्या."

"मंग बरं," मामा म्हणाले आणि जेवत राहिले. काय बरं, ते मी विचारलं नाही. तेव्हाच विचारलं असतं तर पुढचं सगळं बरंच स्वस्तात पडलं असतं.

पुढचे पंधरा दिवस संजयने गाडीभाड्याचा असा अभ्यास केला की तेवढ्यात माणूस तलाठ्याची परीक्षा पास होईल. विमानतळावर उतरून गाडी घेतली तर महाग, आधी सांगून ठेवली तर स्वस्त. गाडी लहानात लहान घ्यायची, बॅगा मांडीवर घेता येतात. टाकी भरलेली घ्यायची आणि आपणच भरून परत करायची, त्यांना भरू द्यायची नाही. ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढायचे, म्हणजे जुन्या ओरखड्याचे पैसे आपल्या गळ्यात पडत नाहीत. ड्रायव्हर म्हणून एकाचंच नाव लावायचं, कारण दुसऱ्या नावाचे रोजचे जास्त लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारखा. आमचं मेच्या शेवटच्या आठवड्यात जायचं चाललं होतं. जून लागला की तिकडे पाऊस, त्यामुळे विमान आणि गाडी दोन्ही एकदम उतरतात, असं त्याला दिसलं.

"शाळा पंधरा जूनला उघडते," मी म्हटलं. "दोन जूनला निघू. नऊला परत."

संजयने माझ्याकडे इतक्या कौतुकाने लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी विमानाची आणि गाडीची दोन्ही बुकिंगं केली, आणि तीही रद्द केल्यावर पैसे परत न मिळणाऱ्यातली, कारण ती आणखी स्वस्त. दोन जून ही तारीख माझी. पुढे दोष कुणाला द्यायचा ते कळावं म्हणून आधीच सांगून ठेवते.

एक अट मात्र मी घातली. परक्या देशात माझ्या पोरीला घेऊन गाडी चालवायची, तर आधी इथे एक दिवस चालवून दाखवायची. आमच्या गल्लीतल्या पवनची गाडी लग्नाच्या भाड्याला जाते. फेब्रुवारीतला एक रविवार बिनलग्नाचा होता, त्या दिवशी संजयने ती नुसत्या पेट्रोलवर मिळवली. जायचं ठरलं तेलगावला, आत्याबाईंच्या माहेरी. पुढे संजयशेजारी यशोधरा बसली, मोबाईलमधला नकाशा सांगायला. जसं काही तेलगावचा रस्ता आमच्यातल्या कुणाला माहीतच नव्हता. मागे आम्ही तिघं: संजयच्या पाठीमागे मामा, मध्ये मी, पलीकडे आत्याबाई.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेकचा वास सुटला. मामा काही बोलले नाहीत. बीड ओलांडलं, तरी बोलले नाहीत. पण त्यांचे पाय माझ्या शेजारी होते आणि ते पाय गाडी चालवत होते. संजयने ब्रेक दाबायच्या दोन क्षण आधी मामांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. गिअरच्या वेळी डावा. संजयच्या पायांचा आणि त्यांच्या पायांचा मेळ एकदाही बसला नाही.

वडवणीच्या जवळ एका चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. त्याच्या मागे संजयला थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागे प्रवाशांनी भरलेली जीप होती, तिने हॉर्न लावून धरला. यशोधरा ओरडली.

"हँडब्रेक वड," मामा म्हणाले.

संजयने ओढला. गाडी थांबली. मामा दार उघडून खाली उतरले, जीपवाल्याला हाताने थांबायची खूण केली आणि पुढच्या दारापाशी आले. "उतर," एवढंच म्हणाले.

संजय उतरला आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसला. त्याची पँट गुडघ्यांवर घामाने ओली झाली होती. तिथून पुढे तेलगावपर्यंत मी रस्त्याकडे बघितलंच नाही, बघायची गरजच वाटली नाही. थोड्या वेळाने आत्याबाईंना डुलकी लागली.

तेलगावला आत्याबाईंच्या भावाकडे चहा झाला. तिथे मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली आणि संजयपुढे ठेवली. आत करड्या रंगाची एक पातळ पुस्तिका होती. परदेशात गाडी चालवायचा परवाना, मामांच्या नावाचा, त्यांच्या फोटोसकट.

"हे कधी काढलं?" संजयने विचारलं.

"तू जेवताना बोललास, त्याच्या दुसऱ्या सोमवारी. बीडला गेलतो. डोळे तपासले, डॉक्टरचा कागद घेतला, लायसन नवं करून घेतलं. मंग हे."

"मंग सांगितलं कावून न्हाई, दादा?"

"तू म्हणलास, मी चालवणार. त्याच्यावर म्या काय बोलायचं?"

संजय चिकट आहे, पण खोटा नाही. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मला येत न्हाई. तुमीच चालवा." मामांनी पुस्तिका पुन्हा पिशवीत घातली, पिशवी खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसले. चेहरा होता तसाच होता, पण दुसरा चहा त्यांनी मागून घेतला.

भांडी विसळताना आत्याबाई मला जे बोलल्या ते मी लग्नाला चौदा वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं. मामांची ड्युटी बरीच वर्षं बीड-परळी गाडीवर होती, आणि तेलगाव त्याच रस्त्यावर. त्यामुळे माहेरी यायचं तर आत्याबाईंना नवऱ्याचीच बस.

"तिकीट काढायचे मी कंडक्टरकडून. पुरं. आन् लई मागं बसायचे," त्या म्हणाल्या. "पुढं यांच्याजवळच्या बाकड्यावर बसू द्यायचे न्हाईत. लोक म्हणतील, ड्रायव्हरनं बायको फुकट आणली. आपल्या माणसाला तर लोक लगीच बोलतेत. ड्युटीवर बोलायचे बी न्हाईत माझ्याशी. तेलगाव आलं की आरशातून एकदा बघायचे, तेवढंच."

"राग नाही यायचा?"

"यायचा की. घरी भांडायचे मी. मंग म्हणायचे, ड्युटी सुटली की एक दिवस तुला पुढं बसवून नेतो, कुठं म्हणशील तिथं. ड्युटी सुटली, तवा मिळालेल्या पैशाचं घर बांधलं. गाडी कुठली आणायची?" त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि पदराने तोंड पुसता पुसता हसल्या. "आता नेतेत बघ."

तेव्हा मला कळलं की मामांनी तो परवाना संजयच्या मदतीला काढलेला नव्हता.

परत निघताना यशोधरा पळत जाऊन पुढे बसली. मी तिला उठवायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "असू दे. मी तिकडं बसते, झाडाला जाताना." आणि नेहमीसारख्या मागचं दार उघडून बसल्या.

त्यानंतर मामा रोज सकाळी पवनकडे जायचे, गाडी पुसायचे आणि हायवेवर एक चक्कर मारून आणायचे. पवनला गाडी धुऊन मिळत होती, तो खूश. संध्याकाळी टीव्ही बघत बसले तरी त्यांचे पाय चालू असायचे. आत्याबाईंनी विहारातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं की आमच्या घरचेच गाडी चालवणार आहेत. एकीने विचारलं, समुद्रावरून पण का?

मार्चच्या शेवटी संजय गाडीच्या बुकिंगवर ड्रायव्हरचं नाव बदलायला बसला. समोर मामा चष्मा लावून, पुस्तिका उघडून. नाव टाकलं. परवान्याचा नंबर टाकला. जन्मतारीख टाकली: एक जून एकोणीसशे साठ. आणि मोबाईलवर लाल अक्षरं आली.

संजयने पुन्हा टाकून बघितलं. मग त्याने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती. तिने सांगितलं की गाडी घ्यायच्या दिवशी ड्रायव्हरला सहासष्ट पूर्ण झालेली नसावीत. घेताना झालेली नसली की पुरे, मध्येच झाली तर हरकत नाही. दोन जूनला झालेली असतात. एकतीस मेला गाडी घेतली असती तर चाललं असतं.

मी तिथेच होते. माझ्या हातातली लसणाची कुडी हातातच राहिली.

इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मामांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा आहे. जन्माची नोंद कुठेच नसायची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहायचं. आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर मी दाखल्यासाठी नेहमी उघडते, त्यात पानंच्या पानं एक जूनची आहेत. हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण घरात त्या तारखेला कुणी केक आणत नाही, कुणी पाया पडत नाही. ती तारीख कागदाची, माणसाची नव्हे. म्हणून दोन जून म्हणताना माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

"खरं साल कोणतं, दादा?" संजयने विचारलं.

"माय सांगायची, चीनची लढाई झाली तवा मी रांगत हुतो. म्हंजी बासष्ट." मामांनी चष्मा काढला. "माझे हात पहिल्यापासून लांब. चार वर्षांचा हुतो, थोरल्या भावासंगं शाळेत गेलतो, नुसता बघाया. गुरुजी म्हणले, कान धर. धरला की! लई खूश झालो. पोरं टाळ्या वाजवायली." त्यांनी बसल्या बसल्या हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला. अजूनही तो हात पार कानाच्या पाळीखाली पोहोचत होता. "त्या कानापायी पावणेदोन वर्षं आधी घरी बसवलं मला. एकतीस मेला एकदम आमी अकरा जण रिटायर झालो. समद्यांचा वाढदिवस एक. आता हे."

संजय सरकारी माणूस, त्याचं डोकं तिकडेच चाललं. म्हणाला, "तहसीलमधून शपथपत्र करू. दोन साक्षीदार घेऊ. खरी जन्मतारीख बासष्टची हाय म्हणून."

"लंकेतल्या गाडीवाल्याला आपल्या तहसीलचा शिक्का दाखवणार का तुम्ही?" मी म्हटलं. मामांपुढे असं बोलायला नको होतं, पण बोलले.

त्याने आणखी तीन कंपन्या बघितल्या. दोघींची हीच अट, तिसरीची तर साठीचीच. मामांनी मोबाईल त्याच्या हातून घेतला आणि पालथा ठेवला.

"राहू दे. तू चालव. सावकाश चालव. मी मागून सांगत जाईन, ब्रेक कधी मारायचा."

ते उठले आणि पुस्तिका लोखंडी पेटीत, त्यांच्या खाकी कपड्यांच्या खाली ठेवून आले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ताटं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पवनकडे गेले नाहीत. पवनच विचारायला आला, तर म्हणाले, "गुडघा दुखायलाय." संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसले तेव्हा मी मुद्दाम बघितलं. पाय स्थिर होते.

त्या रात्री मी संजयशी भांडले. म्हटलं, आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बायका पुढच्या बाकावर बसवून नेल्या. आपली एक बाई बसवायची होती त्यांना, तेवढीही तुमच्या स्वस्ताईने बसू दिली नाही. तो म्हणाला, "तारीख तू काढलीस." हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मग मी रडले. मला मामांसाठी वाईट वाटत होतं, आत्याबाईंसाठी त्याहून जास्त, आणि स्वतःची तर लाज वाटत होती. पोरांच्या जन्मतारखा लिहिणारी बाई मी, आणि घरातल्या माणसाची तारीख माझ्या लक्षात राहिली नाही.

तीन दिवस संजय कुणाशी नीट बोलला नाही. ऑफिसातून यायचा, पाठकोऱ्या कागदांवर काहीतरी मांडायचा, कागद फाडायचा. मला वाटलं, नवीन काही वाचवायची युक्ती शोधतोय. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच मला म्हणाला, "अठ्ठावीस मेला निघायचंय. यशोधराचा तो चित्रकलेचा क्लास बुडंल, सांगून ठेव."

"तिकिटं?"

"बदलली."

"पाचही? आणि गाडी?"

"गाडी बी."

"पैसे किती गेले?"

"थांब जरा, कापंल," तो म्हणाला आणि गालावरून ब्लेड फिरवत राहिला. शेगडीचे दोनशे ज्याने मला महिनाभर ऐकवले, त्याने हा आकडा आजतागायत सांगितलेला नाही.

तो खाली गेला, त्याच्या मागे मी. मामा अंगणात पेपर वाचत होते. संजयने छापलेला कागद त्यांच्या पेपरवर ठेवला. "दादा, नाव बरोबर हाय का बघा. स्पेलिंग चुकलं तर ते लोक गाडी देत न्हाईत."

मामांनी कागद लांब धरून वाचला. चालक: माणिकराव सखाराम ओव्हाळ. गाडी घेण्याची तारीख: एकोणतीस मे. त्यांनी ती तारीख दोनदा वाचली, ओठ हलताना मला दिसले.

"किती गेले रे?"

"कुठं काय गेलंय? उलट वाचले. मी माझं नाव काढून टाकलंय. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे वाचतेत."

"खोटं बोलायलास," मामा म्हणाले. मग त्यांनी कागदाची नीट चौकोनी घडी केली आणि खिशात घातली. थोड्या वेळाने आतून लोखंडी पेटीचं झाकण वाजलं.

अठ्ठावीस मेला रात्री मुंबईतून विमान होतं. पहाटे कोलंबोला उतरलो. परवान्याचे आणि शिक्क्यांचे सोपस्कार उरकेपर्यंत उजाडलं. कंपनीच्या माणसाने मामांचा पासपोर्ट बघितला, तारखेवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणून हसला. यशोधराने सांगितलं, "आजोबा, तो म्हणतोय तीन दिवसांनी तुमचा बर्थडे आहे."

"त्याला सांग, गुरुजींचा हाय," मामा म्हणाले. किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

गाडी खरोखरच लहानात लहान होती. संजय चारी बाजूंनी फोटो काढत फिरत होता आणि त्याच्या पुढून मामा फिरत होते. त्यांनी चारी टायरला एकेक लाथ मारून बघितली, डेपोतून बस काढताना मारायचे तशी. रुमालाने काच पुसली. मग आत बसले, सीट मागे घेतली आणि आरसा फिरवून नीट केला.

आत्याबाईंनी विहारात जाताना नेसतात ते पांढरं पातळ नेसलं होतं. त्या सवयीने मागच्या दाराकडे गेल्या आणि त्यांनी दार उघडलंही. यशोधरा पुढे धावली, पण या खेपेला मी तिची वेणी पकडली.

"तिकडं कुठं?" मामा आतून म्हणाले. "पुढं ये."

आत्याबाई तिथेच उभ्या राहिल्या. आजूबाजूला त्यांनी एकदा बघितलं. तिथे त्यांना ओळखणारं, ड्रायव्हरने बायको फुकट आणली असं म्हणणारं कुणी नव्हतं. मग त्या पुढे आल्या, पदर सावरून बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले. पट्टा कसा लावतात ते त्यांना माहीत नव्हतं. मामांनी वाकून तो ओढला आणि लावला. आम्ही तिघं बॅगा मांडीवर घेऊन मागे कोंबून बसलो.

मामांनी गाडी सुरू केली. आत्याबाईंनी कमरेची चंची काढली, बोटांनी आत चाचपलं आणि मान वळवून संजयकडे बघितलं. चेहरा अगदी गंभीर होता, डोळे तेवढे गंभीर नव्हते.

"काय रे कंडक्टर, तिकीट किती? आता एसटीत बायांना अर्धं हाय म्हणं. तेवढंच देईन."

संजयने मांडीवरची बॅग सावरली.

"काढलंय, माय, तुझं," तो म्हणाला. "पुरं काढलंय."

आणि त्याने वर हात करून गाडीच्या टपावर आतून दोनदा टकटक केलं, कंडक्टर बेल मारतो तसं. मामांनी पहिला गिअर टाकला.